बाईंची शिडी

पिना तीनच होत्या. वरच्या दोन कोपऱ्यांत दोन, खाली डावीकडे एक, आणि खालचा उजवा कोपरा मोकळा — पंख्याचा वारा आला की तो उचलला जायचा, भिंतीवर टपकन आपटायचा, पुन्हा उचलला जायचा — आणि बाई खांद्यावरची पर्स न उतरवता त्या कोपऱ्याकडेच बघत उभ्या होत्या, कारण कोपऱ्याच्या वर जे छापलं होतं ते एकदा वाचून झालं होतं, आणि दुसऱ्यांदा वाचलं तर आपल्या तोंडून काय बाहेर पडेल याचा त्यांना भरवसा नव्हता.

तरी वाचलंच. निळ्या कागदावर पांढरी अक्षरं, चार-दोन चांदण्या, आणि मधोमध : ‘जन्मशताब्दीनिमित्त — कुठून सुरुवात कराल?’ खाली जाडजूड बाण, आणि बाणाच्या टोकाला ‘थेट शिखरावरून!’ — उद्गारचिन्हासकट. शिखर म्हणजे ती मोठी कादंबरी. आणि सहा लहान पुस्तकं? ती सर्वांत खाली, मुंगीच्या अक्षरात, एका ओळीत दाटीवाटीने कोंबलेली, आणि त्यांच्यावर शीर्षक… ‘वेळ उरल्यास’.

वेळ उरल्यास! बाईंच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. एकतीस वर्षं मी ह्या काउंटरमागे उभी आहे. एकतीस वर्षं. आणि हे कालचे आलेले, आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे, मला सांगणार की आकाशवाला कुठून वाचायचा.

आकाशवाला हे नाव वाचनालयातल्या वाचकांनीच पाडलेलं. त्या लेखकाचं खरं नाव मलपृष्ठावर होतं, पण ते कुणी घेत नसे. ग्रह, तारे, यंत्रं, न परतणारी यानं यांवर जन्मभर लिहून गेलेला माणूस, म्हणून आकाशवाला. सहा लहान पुस्तकं आणि एक मोठं. आणि त्याला वाचायचा क्रम बाईंनी ठरवला होता — आधी घड्याळवाल्याच्या गोष्टींचं पातळ पुस्तक, मग तराजूचं, मग वाट बघायला शिकणाऱ्या यंत्राचं, असं एकेक करत सहा, आणि सहा झाली की काउंटरमागचं कपाट किल्लीने उघडून ती मोठी कादंबरी. वाचकाच्या कार्डामागे पेन्सिलीने सहा बारीक खुणा झाल्याशिवाय किल्ली हलत नसे. लोक त्याला बाईंची शिडी म्हणत. कितव्या पायरीवर आहात, असं वाचक एकमेकांना विचारत, हसत, पण चढत. कादंबरीची छपाई कधीची बंद झालेली, वाचनालयात एकच प्रत — त्यामुळे किल्ली बाईंकडे असण्याला कुणी आजवर हरकत घेतली नव्हती.

“मामा, हे कोणी लावलं?”

शिपाईमामा वर्तमानपत्रं काठीत अडकवत होते. “चिटणीससाहेबांनी. काल तुमची सुट्टी ना. स्वतः स्टुलावर चढले.”

“आणि चौथी पिन?”

“ती सापडेना म्हणाले.”

“स्वतःला पिन सापडत नाही, आणि निघाले जगाला वाट दाखवायला.”

मामा गालातल्या गालात हसले, आणि मग हसू आवरून काठी भिंतीला टेकवून उगाचच तिच्याकडे बघत राहिले. मामा असे थांबले की काहीतरी असतं.

“बोला.”

“तसं काही नाही… म्हणजे आहे. काल तक्रारवहीत कुणीतरी लिहून गेलं. तुमच्याबद्दल. साहेब वही घरी घेऊन गेले. चारला येतो म्हणाले, बाईंना म्हणावं खुलासा लिहून ठेवा. आणि…” मामांनी काउंटरमागच्या कपाटाकडे बघितलं. “किल्लीचंही बघू म्हणाले. त्या कादंबरीची नवी आवृत्ती येतेय, कपाटं उघडीच ठेवायची असं चाललंय. तुम्हाला मागच्या खोलीत नोंदणीला बसवायचं म्हणत होते.”

मागच्या खोलीत. जिथे खिडकी नाही, आणि वाचक नाही.

“लिहिलं कोणी?”

“मी मागे गठ्ठे बांधत होतो, बाई. एक मुलगी होती. पाठमोरीच बघितली. पुस्तक ठेवलं, वही मागितली, लिहिलं, गेली.”

मुलगी. बाईंनी पर्स खाली ठेवली. आता सगळं लख्ख दिसत होतं — कोण ते वेगळं सांगायला नको. गळ्यात हेडफोन अडकवून येणारी ती कॉलेजातली, जिने गेल्याच आठवड्यात काउंटरवर कोपरं टेकून विचारलं होतं, की पुस्तक वाचायला पण परीक्षा द्यावी लागते का. मी म्हटलं, परीक्षा नाही, तयारी. तर म्हणाली, कसली तयारी, मी काय पोहायला चाललेय? आणि मागचे दोघे हसले. हसले! उचलली जीभ लावली टाळ्याला. ह्यांना काय माहीत, त्या कादंबरीची पहिली शंभर पानं म्हणजे काय आहे ते. एक दूरचं ठाणं, तिथून निघालेला निरोप पोचायला चाळीस वर्षं, उत्तर परत यायला चाळीस, आणि त्या ठाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं एक कुटुंब, जे मेलेल्या माणसांच्या प्रश्नांना उत्तरं पाठवत राहतं — पण हे कळायला शंभर पानं जावी लागतात, तोवर नुसते आकडे, वेळापत्रकं, निरोपांचे तुकडे… पूर्वी, शिडी नव्हती तेव्हा, मी स्वतःच देऊन बघितलंय. अकरा वाचकांना. अकराच्या अकरा परत आले, कुणी पान तीसवर, कुणी अडतिसावर खूण घालून, आणि सगळ्यांचं एकच, “आकाशवाला आपल्याला नाही झेपत हो.” आणि त्यानंतर त्यांनी त्याचं एकही पुस्तक हातात धरलं नाही. अकरा माणसं गेली. हे त्या निळ्या कागदावर कुठे लिहिलंय?

बाईंनी कोरे कागद ओढले आणि खुलासा लिहायला घेतला. ‘माझ्या एकतीस वर्षांच्या सेवेत…’ पेन असं चालत होतं की मध्येच एक-दोन वाचकांना पुस्तकं देताना त्यांनी तारखेचा शिक्का जरा जास्तच जोरात हाणला, आणि एका आजोबांनी दचकून, “आमचं काही चुकलं का?” असं विचारलं. तुमचं नाही, बाई म्हणाल्या. तुमचं कधीच चुकत नाही. चुकतं ते आमचं.

पहिलं पान संपलं. त्यात मोजणीवाल्यांचा दाखला आला तेव्हा बाईंना जरा बरं वाटलं. हा दाखला हुकमी होता. मोजणीवाले — जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले गृहस्थ — गेल्या वर्षी सभासद झाले, आणि शिडी कशी चढावी हे बघावं तर त्यांच्याकडे. घाई नाही, तक्रार नाही. एकेका पातळ पुस्तकाला दोन-दोन, तीन-तीन महिने. मुदत वाढवून घ्यायला यायचे, खिशातून आपलं ते नकाशे बघायचं भिंग काढून कार्डावरची तारीख तपासायचे — जन्म गेला मोजण्यात, सवय जाते थोडीच — आणि पुस्तक परत करताना दोन्ही हातांनी द्यायचे. “कसं वाटलं?” “छान होतं.” बस. दोन शब्द. पण म्हणण्यात काय वजन! बाईंनी कितीतरी जणांना सांगितलं होतं, वाचावं तर मोजणीवाल्यांसारखं, एकेक ओळ जिभेवर घोळवत. त्यांनी खुलाशात लिहिलं : ‘चोखंदळ वाचक हा क्रम आनंदाने पाळतात, याचे जिवंत उदाहरण म्हणून…’

“मॅडम.”

हेडफोन. हेडफोनच. समोर उभी, आणि बोट भिंतीवरच्या निळ्या कागदाकडे.

“आता तरी द्याल का? तुमच्याच भिंतीवर लिहिलंय. थेट शिखरावरून.”

बाईंनी पेनाचं टोपण सावकाश लावलं. “तक्रार करून पोट भरलं नाही वाटतं?”

“कसली तक्रार?”

“काल. वहीत.”

“मी काल आलेच नव्हते. कॉलेजात प्रॅक्टिकल होतं.” तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं नवल होतं, आणि त्यामुळे बाईंना आणखीच राग आला, गुन्हेगाराने निदान गुन्हेगारासारखं तरी दिसावं. “पण कोणी केली असेल तर चांगलंच केलं,” मुलगी म्हणाली. “मी ते घड्याळवाल्याचं वाचलं. खरंच वाचलं. नाही आवडलं मला. गोड आहे फार. म्हणून मी आकाशवाला वाचायचाच नाही का?”

“गोड?”

“हो. एक विचारू? तुम्ही पहिल्यांदा काय वाचलं होतं त्याचं?”

“तेच. घड्याळवाल्याचं.”

“कुणी सांगितलं म्हणून?”

बाईंनी एक पातळ पुस्तक पुढे ठेवलं. म्हणाल्या, दुसरं वाच, तराजूचं, ते गोड नाही. मुलीने खांदे उडवले, तराजूचं पुस्तक उचललं, सही केली आणि कानांवर हेडफोन चढवून गेली.

कुणी सांगितलं म्हणून… डबा उघडला तरी भूक नव्हती. मामा बाहेर उन्हात उभे राहून कुणाशी तरी बोलत होते, वाचनकक्ष रिकामा, कोपरा भिंतीवर आपटतोय. कुणी सांगायला कशाला हवं? मला उपजतच कळत होतं. तेरा वर्षांची होते मी, पण मला कळत होतं की…

नाही. ते तसं नव्हतं.

दादा खाटेवर पालथा पडलेला. त्याच्या हातात ते मोठं पुस्तक, हिरव्या कापडी बांधणीचं, शेजारच्या मास्तरांकडून आणलेलं. मी दारात. मला दे ना. नाही. तुझं झाल्यावर? नाही. का? आणि दादाने मान न वळवता, पान उलटत — तो आवाज अजून जसाच्या तसा आहे — “तुला कळायचं नाही ते. आधी हे वाच.” आणि खाटेखालून हाताला लागलं ते पातळ पुस्तक त्याने माझ्याकडे सरकवलं. हाताला लागलं ते. निवडलं नव्हतं त्याने. त्याच्या हाताला तराजूचं लागलं असतं तर… मी ते भिंतीवर फेकून मारलं होतं. त्याचा कोपरा मुडपला. रडले, आईकडे तक्रार केली, आई म्हणाली, दादा मोठा आहे, त्याला कळतं. मला असा संताप आला होता, असा संताप… आणि मग दुपारी करायला काही नव्हतं म्हणून ते उचललं, आणि वाचलं, आणि आवडलं. आणि दोन वर्षांनी मोठं पुस्तक हाती आलं तेव्हा मला वाटलं, हो, हाच रस्ता.

दोन वर्षांनी वाचलं. एकदाच. घड्याळवाल्याचं मी चाळीस वेळा वाचलं असेन, पण मोठं एकदाच. आणि त्याचा शेवट… बाईंनी डब्याचं झाकण हातात धरून आठवायचा प्रयत्न केला. ठाणं, ते कुटुंब, धाकटी मुलगी निरोप घ्यायला बसते… आणि पुढे? पुढे धूसर. अगदी काही आठवेना. छे, असं कसं होईल? वय झालं, दुसरं काय. आणि दादा चुकला असेल, उर्मट होता, पण त्याच्या चुकीतून मी पद्धत काढली. अकरा माणसं गेली, ते खोटं नाही ना? शिडीवरून शेकड्यांनी माणसं चढली. तेही खोटं नाही. आणि कोण कुठली मुलगी, कुणी सांगितलं म्हणून विचारणारी! बाईंनी डबा तसाच बंद केला आणि खुलाशाचं दुसरं पान लिहून काढलं, पहिल्याहून तिखट.

चिटणीस चारला पाच मिनिटं असताना आले. त्यांचं औषधांचं दुकान होतं. बोलताना प्रत्येक वाक्य पुडीत बांधून दिल्यासारखं बोलत. वही काखेत.

“बोर्ड बघितलात? मोठ्या समीक्षकांकडून लिहून घेतला.”

“बघितला. ‘वेळ उरल्यास’ हे त्यांचंच का?”

“त्यांचंच. का, छान नाही?”

“वही द्या,” बाई म्हणाल्या. “खुलासा तयार आहे, पण ज्याचा खुलासा करायचा ते मला वाचू तर द्या.”

निळ्या शाईत, सरळ, न डगमगणारं अक्षर. शेवटी सही, आणि सहीखाली पत्ता. बाईंनी चष्मा चढवला.

‘माझे वडील आपले सभासद आहेत. मोजणी खात्यातून निवृत्त. सभासद होताना त्यांनी आपल्या ग्रंथपाल बाईंकडे एकच पुस्तक मागितले होते. ते मिळाले नाही. आधी दुसरी सहा वाचा, असे सांगण्यात आले. वडिलांच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब होत होते. डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्षाची मुदत दिली होती. भिंग लावून ते सुरुवातीला दिवसाला पाच-सहा पाने वाचू शकत, पुढे पुढे एक-दोनच. तशी त्यांनी पाच पुस्तके वाचली. सहाव्याच्या मध्यावर दिसणे बंद झाले. सहावे पुस्तक आज परत करीत आहे.

‘ते मोठे पुस्तक वडिलांनी बाविसाव्या वर्षी मोजणीच्या तंबूत वाचायला घेतले होते. दुसऱ्याचे होते. बदलीचा हुकूम आला आणि शेवटची साठ पाने राहिली. तेवढीच त्यांना वाचायची होती. हे त्यांनी बाईंना सांगितले नाही. बाई इतक्या आपुलकीने समजावून देत होत्या की मध्ये बोलवेना, असे म्हणतात. मी वाचून दाखवते म्हटले तर नको म्हणतात. म्हणतात, बाईंचे बरोबर होते.

‘मी हे लिहिते आहे ते त्यांना माहीत नाही. कळू देऊ नये. मला काही नको. जे झाले ते कुठेतरी लिहिलेले असावे, एवढेच.’

बाईंनी ते पुन्हा वाचलं नाही. पुन्हा वाचायची गरज नव्हती. नजर फक्त एका आकड्यावर अडकून राहिली होती — साठ. दिवसाला पाच पानं. बारा दिवस. पुस्तक दिलं असतं तर बाराव्या दिवशी ते मुदत न वाढवता, दोन्ही हातांनी, काउंटरवर… आणि मी चौदा महिने घेतले. त्यांचे चौदा महिने. होते तेवढे सगळे.

त्यांना सुरुवात करायचीच नव्हती. सुरुवात त्यांची कधीच झाली होती, मी शाळेत असेन तेव्हा, कुठल्याशा तंबूत, कंदिलाशी. त्यांना फक्त शेवट हवा होता. आणि मी त्यांना सुरुवात शिकवत बसले.

काय म्हणाले होते ते, पहिल्या दिवशी? “ते मोठं पुस्तक आहे का, हिरव्या बांधणीचं?” हिरव्या बांधणीचं! आमची प्रत तर लाल, आम्ही नव्याने बांधून घेतलेली. हिरवं कापड मूळ आवृत्तीला होतं, दादाच्या हातात होतं तसं… ज्याने ते हातात धरलेलं नाही त्याला हिरवं कसं ठाऊक असणार? मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला, जिला सगळं कळतं. आणि मी काय म्हटलं — ‘ते शेवटी. आधी हे वाचा.’ आधी हे वाच. आवाजसुद्धा तोच असणार, मान न वळवता, कार्ड भरता भरता. आणि ते म्हणाले, “बरं.”

बरं! का बरं? का म्हणून बरं? मी तेरा वर्षांची होते तरी पुस्तक भिंतीवर फेकलं होतं, आणि हा एवढा उंच माणूस, डोंगरदऱ्या मोजून आलेला, त्याला काउंटरवर हात आपटून म्हणता येऊ नये की बाई, माझे डोळे चाललेत, तुमची शिडी ठेवा तुमच्यापाशी? एक वाक्य. एका वाक्याचं काम होतं. आणि ते भिंग — समोर, माझ्या नाकासमोर, दर खेपेला — आणि मी म्हणत होते सवय. जिभेवर घोळवत वाचतात म्हणून गावभर सांगत होते. चोखंदळ म्हणून आत्ता, आज सकाळी, ह्याच हाताने लिहिलं.

त्यांनी खण उघडला, कार्ड शोधून उलटं केलं. पेन्सिलीच्या पाच खुणा. बारीक, एका रांगेत, नीटनेटक्या. प्रत्येक खुणेपाशी तो माणूस ‘छान होतं’ म्हणाला होता. छान होतं ते खरं, की मध्ये बोलवेना म्हणून? दिवसाला पाच पानं वाचणाऱ्याला घड्याळवाला छान वाटेल? की वाटेलच, जास्तच वाटेल, एकेक शब्द भिंगाखालून जाताना… कोण सांगणार? मुलीला माहीत नाही. मला तर काहीच माहीत नाही असं दिसतंय. आणि ज्याला माहीत आहे त्याला विचारायला जायचं तर मुलीने बजावून ठेवलंय, कळू देऊ नये.

“झालं वाचून?” चिटणीस म्हणाले. त्यांनी वही आपल्याकडे वळवली होती आणि खिशातलं पेन काढलं होतं. “अहो, चेहरा कसला करताय असा? मी काल वाचली तेव्हाच म्हटलं, यात बाईंची काय चूक? माणसाने तोंड उघडून सांगायला नको? आम्ही काय मनकवडे? दुकानात सुद्धा, गिऱ्हाइकाने ॲलर्जी सांगितली नाही तर मी काय करणार? समितीतर्फे मी शेरा मारतो — ‘वाचकाने अडचण वेळेवर कळवली नाही. तक्रार निकाली.’ तुम्ही खाली सही करा. खुलासाही नको, फाडून टाका. आणि हे बघा, किल्लीचं मी कालपर्यंत म्हणत होतो खरं, पण शताब्दीच्या वर्षात उगाच वाद कशाला. किल्ली राहू दे तुमच्याकडे. बोर्ड तेवढा राहू दे माझा.”

सकाळी हेच हवं होतं. अगदी हेच, शब्दन्‌शब्द. दहा वाजता चिटणीस असं बोलले असते तर बाईंनी त्यांना चहा पाजला असता.

“निकाली कशी काढता?”

“म्हणजे?”

“निकाली कशी काढता म्हणते मी!” आवाज वाचनकक्षाच्या पार टोकापर्यंत गेला, वर्तमानपत्रामागून दोन डोकी वर आली, आणि दारातून मामांनीही डोकावलं. “तुम्हाला ते काय औषधाचं बिल वाटलं? एक माणूस साठ पानांसाठी पन्नास वर्षं थांबला होता. आणि तुम्ही म्हणता कळवलं नाही! ते कळवत होते, दर खेपेला कळवत होते, भिंग काढून दाखवत होते, आणखी कसं कळवायचं असतं?”

“बाई, हळू… मी तुमच्या बाजूनेच बोलतोय.”

“माझ्या बाजूने बोलू नका.”

“मग काय, तुमच्याविरुद्ध लिहू? ‘ग्रंथपालांची चूक’ असं लिहू? तुम्ही स्वतः सांगताय असं लिहायला?”

लिहा, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. आणि तिथेच थांबलं. कारण चूक असं लिहिलं, तर त्या माणसाचं ‘बरोबर होतं’ खोटं ठरत होतं, आणि त्याच्या पाच पुस्तकांतलं जे काही खरंच छान असेल तेही — शेवटचं वाचन होतं ते त्याचं, त्यावर मी कशी रेघ ओढू? आणि बरोबर असं लिहिलं, तर मुलीच्या त्या सरळ निळ्या अक्षरांवर… दोन्हीकडून मीच. एकतीस वर्षं प्रत्येकाला काय ते ठणकावून सांगितलं, आणि आज एका ओळीचा शेरा सांगता येत नव्हता.

“अहो, तो गृहस्थ स्वतःच म्हणतोय ना, बाईंचं बरोबर होतं,” चिटणीस समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि वहीवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “तोच म्हणतोय. मग आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

काय पाहिजे. इतकी वर्षं एखाद्या वाचकाने कधीतरी हे वाक्य म्हणावं, नुसतं काउंटरवर पुस्तक ठेवता ठेवता म्हणावं, म्हणून कान टवकारून उभी होते मी. आता ते लिहून आलं होतं, सहीनिशी, पत्त्यासकट. आणि मला त्या माणसाचाच राग येत होता — त्याने रागवावं, फेकावं काहीतरी, निदान एकदा वाईट बोलावं माझ्याबद्दल आपल्या मुलीपाशी, तेवढा तरी हक्क बजावावा — आणि तो कुठल्याशा खोलीत खुर्चीत बसून, समोरचं काही न दिसता, मला माफही करत नव्हता. मला बरोबर म्हणत होता. रागाला आजवर कुणी ना कुणी पुरलं होतं, दादा पुरला, ती मुलगी पुरली, हे समोरचे चिटणीस तर रोजच पुरतात. आज सकाळपासून एकेकजण बाजूला झाला होता, आणि राग मात्र तेवढाच होता, कमी होत नव्हता, आणि कुणाकडे वळवावा ते कळत नव्हतं.

“शेरा काय लिहू?” चिटणिसांनी विचारलं.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “थांबा जरा.”

चिटणीस थांबले. पेन त्यांनी उघडंच धरलं होतं.